डोक्याकडे जाणारे पाट : मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे जन्मजात दोष



कार्यकारिणीने विषय माझ्यावर सोडला, तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब हे नेहमीचे दोन पाहुणे मी मुद्दाम टाळले. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत दर आठवड्याला काहीतरी येतच असते. मी निवडलेला आजार त्या मानाने दुर्मीळ आहे. लाखभर माणसांत दहा-पंधराजणांच्या मेंदूत तो असतो आणि त्यांतल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. पण ज्या घरात तो निघतो, त्या घरात दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे कोणाला काही समजत नाही. दुसरी म्हणजे समजायच्या आत दोष कोणाच्या तरी माथी मारला जातो, आणि ती बहुधा मुलाची आई असते. आजचे बोलणे या दोन्हींसाठी आहे.

आधी माझी पायरी सांगतो. मी बी.एच.एम.एस., होमिओपॅथीचा डॉक्टर. मेंदू उघडणारा सर्जन नव्हे. पण अशा रुग्णाचे घरचे लोक थेट सर्जनकडे जात नाहीत. डोके दुखते म्हणून, फीट येते म्हणून, मूल चालताना मध्येच पाय ओढते म्हणून ते प्रथम आमच्यासारख्याच्या बाकावर येऊन बसतात. तेव्हा ओळखण्याचे काम आमचे, आणि कोठे पाठवायचे हे सांगण्याचेही आमचेच.

मेंदूचे वजन साधारण एक किलो चारशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्यातला सुमारे सातवा हिस्सा एकटा मेंदू घेतो आणि विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा फस्त करतो. मिनिटाला पाऊण लिटर रक्त डोक्यात चढते. मेंदूजवळ साठवणीची कोठी नाही. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात.

हे रक्त चार वाटांनी येते. मानेच्या पुढच्या बाजूने दोन मोठ्या रोहिण्या आणि मागे मणक्यांच्या भोकांतून वर चढणाऱ्या दोन लहान. मागच्या दोन कवटीत शिरल्यावर एक होतात आणि मेंदूच्या तळाशी या सगळ्या मिळून एक कडे तयार करतात. लंडनच्या सेंट पॉल चर्चचा वास्तुकार म्हणून पुढे गाजलेला ख्रिस्तोफर रेन याने तरुणपणी या कड्याचे चित्र काढले. ते छापले थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने, १६६४ सालच्या आपल्या ग्रंथात. म्हणून ते विलिसचे कडे. विलिसने शवविच्छेदन केलेल्या एका माणसाच्या मानेतली एक मुख्य रोहिणी दगडासारखी कडक होऊन पार बुजली होती. तरी त्याला कधी अर्धांग झाला नव्हता आणि तो मेला पोटाच्या विकाराने. विलिसने पाहिले, तर त्याच बाजूची मागची रोहिणी नेहमीपेक्षा कितीतरी पट फुगली होती. एक वाट बंद झाली तेव्हा दुसरीने भार उचलला होता.

बेळगावकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. राकसकोपचे पाणी कमी पडले तर हिडकलचे आणि हिडकलची वाहिनी फुटली तर राकसकोपचे. दोन्ही जोडलेली असली म्हणजे नळ कोरडा पडत नाही. (निदान पडू नये!) गंमत म्हणजे पुस्तकात असते तसे पूर्ण, चारी बाजूंनी नीट जुळलेले कडे निम्म्या माणसांतही सापडत नाही. कोणाचा एखादा दुवा दोऱ्याएवढा बारीक असतो, तर कोणाचा नसतोच. हा आजार नव्हे, घडणीतला फरक आहे. एमआरआयच्या अहवालात असे एखादे वाक्य दिसले की लोक घाबरून कागद हातात धरून धावत येतात. त्यांना मी हेच सांगतो की नाकाची ठेवण जशी प्रत्येकाची वेगळी, तसे हे.

खरा दोष पुढे सुरू होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांनी दोन सुरेख नावे दिली आहेत, रोहिणी आणि नीला. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. हृदयाकडून येणारे लालभडक रक्त रोहिणीत, परत जाणारे काळपट रक्त नीलेत. या दोघींच्या मध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते, केसापेक्षाही कितीतरी बारीक. उसाच्या शेताचे उदाहरण घ्या. कालव्यातून पाटात, पाटातून दंडात, दंडातून सरीत असे पाणी येते. येता येता त्याचा जोर मरतो. सरीत ते इतके संथ होते की मुळांना पिता येते. उरलेले पाझरून ओढ्याला लागते. रोहिणी हा कालवा, केशवाहिन्या या सऱ्या आणि नीला हा ओढा. कालव्याची भिंत जाड बांधलेली असते, ओढ्याचा काठ साधा मातीचा. तो साधा चालतो, कारण तिथे पाण्याला जोर नसतो.

आता समजा, शेत आखतानाच एका ठिकाणी सऱ्या पाडायच्या राहिल्या आणि कालव्याचे तोंड सरळ ओढ्यात सोडले गेले. दोन गोष्टी होतील. भोवतालचे शेत तहानेले राहील, कारण पाणी सोपी वाट धरून निघून जाते. आणि ओढ्याचा मातीचा काठ त्या जोराने रुंदावत, वाकडातिकडा होत एके दिवशी फुटेल. मेंदूत नेमके हेच घडते. रोहिण्या आणि नीला यांचा मधल्या जाळ्यावाचून झालेला हा गुंता वीतभरही नसतो, बहुधा सुपारीपासून लिंबापर्यंत. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. तहानेलेल्या शेतामुळे फीट येते, हातपाय हळूहळू दुबळे पडतात. काठ फुटला की मेंदूत रक्तस्राव. निम्म्या रुग्णांत आजाराची पहिली वर्दी हा रक्तस्रावच देतो आणि तोही ऐन विशी ते चाळिशीच्या वयात.

अमेरिकेतले साउथ डकोटाचे सिनेटर टिम जॉन्सन १३ डिसेंबर २००६ रोजी पत्रकारांशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांचे शब्द अडखळू लागले. मेंदूत जन्मापासूनचा असा गुंता होता आणि तो फुटला होता. त्या वेळी येऊ घातलेल्या नव्या सिनेटमध्ये बहुमत एकाच जागेचे होते, त्यामुळे साऱ्या देशाचे डोळे एका माणसाच्या रक्तवाहिनीकडे लागले. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या सप्टेंबरात ते सभागृहात परतले. बोलणे जड झाले होते, पण विचार शाबूत होते. २०१५ पर्यंत त्यांनी काम केले. साठीला टेकलेला माणूस इतकी वर्षे हे घेऊन वावरत होता, हे ध्यानात घ्या.

याच कुळातला एक सौम्य भाऊबंद म्हणजे कॅव्हर्नोमा. त्यात रक्ताला जोर नसतो, फक्त पातळ भिंतीच्या फुगीर पोकळ्यांचा तुतीच्या फळासारखा घोस असतो. तो हळूच पाझरतो आणि फीट आणतो. १९८८ साली शंभर आणि दोनशे मीटरचे विक्रम करणारी फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर १९९८ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, झोपेत फीट येऊन गेली. तिच्या मेंदूत हा घोस सापडला. स्पेनचा सायकलपटू अल्बेर्तो कोंतादोर २००४ मध्ये शर्यतीत झटके येऊन कोसळला, त्याच्याही मेंदूत तेच होते. त्याची शस्त्रक्रिया झाली आणि २००७ साली त्याने टूर द फ्रान्स जिंकली. एकच दोष, पण एकीचे आयुष्य त्याने संपवले आणि दुसऱ्याच्या कारकिर्दीत तो एक थांबा ठरला.

सगळ्यांत लहान रुग्ण म्हणजे नवजात बाळ. मेंदूच्या मध्यभागी गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी एक नीला असते. गर्भात तिची जी पूर्वज नीला विरून जायला हवी, ती काही बाळांत विरत नाही. तिच्यात रोहिण्या सरळ उघडतात आणि ती फुग्यासारखी फुगते. दोष डोक्यात असतो, पण पहिल्यांदा थकते हृदय. इतके रक्त आडवाटेने पळत असते की ते पुरे करता करता बाळाचे हृदय दमते. बाळ दूध ओढताना धापा टाकते, घामाघूम होते, आणि सारे लक्ष छातीकडे जाते. अशा बाळाच्या टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला, तर आत गिरणीसारखी घरघर ऐकू येऊ शकते. ही युक्ती शिकायला एमडी व्हावे लागत नाही. ज्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे त्याने ती करावी. कधी हृदय तग धरते, पण डोक्याचा घेर महिन्यागणिक वाढत जातो. पूर्वी ही बाळे क्वचितच जगत. मग पायाच्या रोहिणीतून केसासारखी नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन आतूनच तो मार्ग बुजवण्याचे तंत्र आले. पॅरिसच्या पिएर लास्जोनिआस यांनी त्याची शिस्त घालून दिली. हृदय सांभाळता आले तर बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत थांबावे, नाही सांभाळता आले तर लगेच करावे. २०२३ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी हे काम पहिल्यांदा आईच्या पोटात असलेल्या बाळावर केले.

जपानकडून आलेला मोयामोया आता आपल्याकडेही ओळखला जाऊ लागला आहे. काटेकोर बोलायचे तर तो जन्मजात दोष नाही. रोहिणीचे टोक लहानपणापासून हळूहळू आवळत जाते. पण काही कुटुंबांत त्याचा वारसा दिसतो आणि नुकसान त्याच वाटेवर होते, म्हणून इथे घेतला. मुख्य रोहिणी आवळली की शरीर भोवताली बारीक बारीक वाहिन्यांचे झुडूप उगवून वेळ निभावून नेते. फोटोत ते झुडूप सिगारेटच्या धुरासारखे दिसते. जपानीत अशा धूसर, भुरभुरत्या गोष्टीला मोयामोया म्हणतात. सुझुकी आणि ताकाकू या डॉक्टरांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केले. मुलांमधली याची खूण विलक्षण आहे. मूल हुंदके देऊन रडले, फुगा फुगवला, पिपाणी वाजवली किंवा गरम भातावर खूप फुंकर घातली, की काही मिनिटे एक हात लुळा पडतो, बोबडी वळते, आणि मग सगळे पूर्ववत. जोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने मेंदूतल्या वाहिन्या आकसतात, आणि जिथे पुरवठा आधीच काठावर आहे तिथे तो तुटतो. घरचे म्हणतात, नाटक करतो, रडून दाखवतो. रडल्यावर हात पडणारे मूल नाटक करत नसते. कपाळाच्या बाजूच्या कातडीतली रोहिणी आत वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया १९६७ पासून होते आहे आणि मोयामोयाच्या मुलांना तिचा उत्तम गुण येतो. ती अर्धांगाचा मोठा झटका येण्याआधी झाली पाहिजे.

आता त्या आईविषयी. खानापूरच्या बाजूचे एक कुटुंब एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. दोन वर्षे फीट येत होती. कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, देवऋषी झाला. मुलीची आजी माझ्यासमोर सुनेला म्हणाली, “गिराणात इळीवर भाजी चिरलीस, त्येचं ह्ये फळ.” ती बाई काही बोलली नाही. तिने खाली मान घालून पदर सारखा केला. एकोणीस वर्षे तिने हे ऐकले असणार. मी एमआरआय करायला पाठवले, त्यात गुंता निघाला. अहवाल आल्यावर मी आजीला समोर बसवले आणि जे सांगितले तेच इथे सांगतो.

जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. या गुंत्यांपैकी बहुतेक कोणत्याही घराण्यातून येत नाहीत. २०१८ साली संशोधकांना अशा गुंत्यांच्या भिंतींतल्या पेशींत एका जनुकातला बदल सापडला. तो फक्त त्या जागच्या पेशींत असतो. आईच्या रक्तात नाही, बापाच्या नाही, आणि रुग्णाच्या स्वतःच्या बाकीच्या शरीरातही नाही. एक पेशी दुभंगताना एक अक्षर चुकले, एवढेच. कोट्यवधी अक्षरे उतरवून घेणाऱ्या लेखनिकाकडून व्हावी तशी ही गोष्ट. साहित्याच्या माणसांना मुद्रणदोष समजावून सांगायला नको! काही गुंते तर जन्मानंतर वाढतात, इतके की ‘जन्मजात’ या शब्दाविषयीच आता तज्ज्ञ शंका घेऊ लागले आहेत. ग्रहण, विळी, पपई, डोहाळे, आईचा राग, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. कपाळावर आणि वरच्या पापणीवर जन्मतः असणाऱ्या जांभळट-लाल डागाचेही तसेच. तो डाग कधी मेंदूवरच्या आणि डोळ्यातल्या वाहिन्यांच्या दोषाची बाहेरून दिसणारी खूण असतो. त्याचेही मूळ अशाच स्थानिक बदलात आहे, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. अशा बाळाचा डोळा आणि मेंदू तपासून घ्यावा, डागाला शाप म्हणू नये.

अपवाद एक. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारंवार नाकातून रक्त येते आणि ओठांवर, जिभेवर लाल ठिपके दिसतात, तिथे वाहिन्यांचा खरोखरच आनुवंशिक विकार असू शकतो आणि त्यात मेंदूतही गुंते असतात. तिथे सगळ्या भावंडांनी तपासून घ्यावे.

कशाने संशय घ्यावा? कड्याड्‌दिशी वीज पडावी तशी आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, सोबत उलटी, मान ताठ. मोठ्या वयात किंवा तारुण्यात पहिल्यांदाच आलेली फीट. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा भसभस आवाज. वर्षानुवर्षे जागा न बदलणारी, एकाच बाजूची डोकेदुखी (अर्धशिशी बहुधा बाजू बदलते, बदलली नाही म्हणजे गुंता आहेच असे नाही, पण एकदा फोटो काढावा). अर्धांग झाल्यासारखे वाटले तर कोणीतरी शहाणा घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी तोंडात कोंबतो. कृपा करून ते करू नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय देवालाही कळत नाही, आणि रक्तस्रावात ती गोळी घातक ठरू शकते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून गाडी काढा आणि निघा. आणि फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

निदान झाल्यावर उपाय चार. कवटी उघडून गुंता काढणे. नळीने आतून बुजवणे. गॅमा नाइफ, म्हणजे न कापता किरणांचा बारीक झोत टाकून दोन-तीन वर्षांत त्याला सुकवणे, हे तंत्र लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये स्टॉकहोमला सुरू केले. आणि चौथा, काहीही न करणे. चौथ्या उपायाला लोक हसतात. पण न फुटलेल्या गुंत्यावर उपचार करावेत की नुसते औषधावर ठेवून लक्ष ठेवावे, याची मोठी तुलना झाली आणि २०१४ मध्ये तिचा निकाल छापून आला. सरासरी तेहतीस महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात झाला तो नुसते लक्ष ठेवलेल्यांत दहा टक्क्यांना, उपचार केलेल्यांत तीस टक्क्यांना. सर्जन मंडळींनी यावर रास्त आक्षेप घेतला की तेहतीस महिने म्हणजे काहीच नव्हे. गुंता फुटण्याचा धोका वर्षाला दोन ते चार टक्के असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण पंचविशीतल्या माणसाला पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची असतात. ढोबळ हिशेब असा सांगतात की एकशे पाचातून वय वजा करा, उरेल तितके टक्के आयुष्यभराचा धोका. पंचविशीत ऐंशी, सत्तरीत पस्तीस. म्हणून सत्तरीच्या आजोबांच्या अहवालात न फुटलेला गुंता अचानक सापडला तर बहुधा त्याला छेडू नये, आणि तरुण मुलीच्या लहान, वरवरच्या गुंत्याला तसेच ठेवू नये. मधल्या सगळ्यांसाठी गुंत्याचा आकार, तो मेंदूच्या कोणत्या भागात आहे, त्याचे रक्त खोलवरच्या नीलांत जाते की वरच्या, हे पाहून ठरवावे लागते. एकाच सर्जनचे मत पुरत नाही. नळीवाला, सुरीवाला आणि किरणवाला असे तिघे एका टेबलावर बसतात अशा ठिकाणी जावे. त्या खानापूरच्या मुलीला गॅमा नाइफ दिले गेले. तिसऱ्या वर्षीच्या अँजिओग्राफीत गुंता दिसला नाही.

मला हमखास विचारतात, “डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळ्यांनी ही गाठ विरघळणार नाही का?” नाही. मी चाळीस वर्षे साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या आहेत आणि ज्या तक्रारींसाठी देतो त्या पुढेही देईन, पण चुकीच्या जागी जोडलेली रोहिणी गोळीने सुटत नाही, ना माझ्या, ना दुसऱ्या कोणत्या पॅथीच्या. जो विरघळवून देतो म्हणतो, त्याच्या पायऱ्या चढू नका. आणि माझ्याकडे दुसऱ्या कशासाठी आलात, तरी न्यूरॉलॉजिस्टने दिलेली फीटची गोळी स्वतःहून बंद करू नका. ती अचानक बंद केल्याने येणारी फीट सगळ्यांत वाईट असते.

लग्नाचे काय, हा दुसरा ठरलेला प्रश्न. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो आम्हा जैनांनाही लागू आहे, अपस्मार हा विवाहाला अडसर मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. तरीही लपवून लग्न जुळवू नये असे माझे मत आहे. लपवले की पहिली गोळी चुकते ती लग्नाच्या मांडवात, कारण ती सर्वांसमोर घेता येत नाही. जागरण, उपास आणि चुकलेली गोळी एकत्र आली की फीट तिथेच येते. गर्भारपणाआधी मात्र न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावाच, कारण फीटच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात आणि त्या आधीच बदलाव्या लागतात.

शेवटचे थोडे आमच्या समाजापुरते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम पाळणारी आमची कित्येक मंडळी रात्रीची गोळी मुकाट्याने सोडून देतात आणि डॉक्टरला सांगत नाहीत. डॉक्टरला या नियमाची कल्पना नसते, तो डोस वाढवत बसतो. पहिल्याच भेटीत सांगा. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी बसतील अशा वेळा, किंवा चोवीस तास पुरणारी एकच गोळी, बऱ्याच औषधांत जमते. पर्युषणातला निर्जळ उपवास मात्र मोयामोयाच्या रुग्णाने करू नये. पाणी कमी पडले की त्याच्या मेंदूचा पुरवठा तुटतो. घरातल्या थोरांची समजूत घालणे जड जात असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा, दुपारी चारनंतर मी दवाखान्यात असतो.